नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत एका अनुस्वाराने केवढा फरक पडतो पाहा. बाळाला नाव ठेवतात आणि शेजाऱ्याला नावं ठेवतात. पहिल्या कार्याला पाळणा लागतो, घुगऱ्या लागतात, आत्या लागते. दुसऱ्याला काही म्हणजे काही लागत नाही. दोन माणसं आणि तिसऱ्याची गैरहजेरी एवढ्या सामग्रीवर ते यथासांग पार पडतं. पहिलं कार्य जन्मात एकदा. दुसरं नित्यकर्मात जमा.

ही दोन्ही कार्यं एकाच मांडवात उरकणारं एक नाटक आहे. लिहिणारा मराठी नव्हता, आयरिश होता. डब्लिनला १८५४ साली जन्मलेला ऑस्कर वाइल्ड. नाटकाचं नाव 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'. पहिला प्रयोग १४ फेब्रुवारी १८९५, लंडनचं सेंट जेम्स थिएटर. बाहेर बर्फाचं वादळ चालू होतं आणि आत साडेदहा शिलिंगांच्या खुर्च्यांवर लंडनमधले वजनदार लोक येऊन बसले होते. कोणी लॉर्ड, कोणी लेडी, कोणी लॉर्ड होण्याच्या बेतात असलेले, कोणी लेडी झाल्यासारखं वागणाऱ्या. ह्या सगळ्यांना वाइल्डने तीन अंक नावं ठेवली. आणि ते तीन अंक हसत होते. पैसे देऊन स्वतःला नावं ठेवून घेण्याचा असा सोहळा आपल्याकडे फक्त उपवर मुलीच्या बापाच्या नशिबी येतो. पण तो हसत नाही.

नाटकाचं नाव मराठीत आणायचा प्रयत्न मी फार वर्षं करतो आहे. 'अर्नेस्ट' हे इंग्रजीत पुरुषाचं नाव, आणि उच्चाराने तोच पण स्पेलिंगने वेगळा असा दुसरा शब्द म्हणजे कळकळीचा, सच्चा माणूस. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने 'मी सत्यवान आहे' असं म्हणावं आणि ऐकणाऱ्याला हा नाव सांगतोय की सर्टिफिकेट देतोय ते कळू नये, तशातला प्रकार. 'सत्यवान असण्याचं महत्त्व' असं भाषांतर करून पाहिलं, तर लोक सावित्री कधी येणार म्हणून वाट बघत बसतील. तेव्हा तो नाद मी सोडला.

कथानक एका पोस्टकार्डावर मावेल. जॅक वर्दिंग नावाचा तरुण खेड्यावर राहतो, तिथे तो सेसिली नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीचा पालक. पालक म्हटला की गंभीर चेहरा करणं आलं. त्याचा कंटाळा आला की तो लंडनला येतो. येताना घरी सांगतो, माझा अर्नेस्ट नावाचा एक वाया गेलेला धाकटा भाऊ आहे, त्याला सावरायला जातो. लंडनमध्ये आल्यावर तो स्वतःच अर्नेस्ट होतो. त्याचा मित्र अल्जर्नन ह्याच्या उलट. त्याला लंडनच्या मेजवान्या चुकवायच्या असल्या की त्याचा बनबरी नावाचा एक कायमचा आजारी मित्र खेड्यावर शेवटच्या घटका मोजायला लागतो.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत बनबरीला 'गावाकडची आजी' म्हणतात. एका कारकुनाच्या नोकरीत ही आजी सरासरी चार वेळा वारते. पण फरक लक्षात घ्या. आपला कारकून आजीला मारतो तो दोन दिवसांच्या रजेसाठी, गहू निवडायला नाहीतर मुलाच्या शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत उभं राहायला. अल्जर्ननला रजा कशापासून हवी? त्याला कामच नाही. मावशीच्या घरच्या जेवणापासून. काही न करणाऱ्या माणसालासुद्धा सुटी हवीशी वाटावी इतकं ते काही न करणं नियमांनी जखडलेलं होतं. कोणत्या वेळी कोणाकडे जायचं, कोणाशेजारी बसायचं, चहात साखर चालते की नाही, ब्रेड-बटर चालू आहे की केक मागे पडला आहे. ह्या नाटकात दोन तरुणी एकमेकींवर भयंकर चिडतात तेव्हा एक दुसरीच्या चहात मुद्दाम साखर घालते. झालं. तेवढ्यात जे समजायचं ते समजलं. आपल्याकडे नळावर झालेल्या भांडणात जेवढा मजकूर दोन तास पुरतो, तेवढा सगळा त्या साखरेच्या दोन-चार खड्यांत मावलेला असतो.

आता खरा नाव ठेवण्याचा प्रसंग. जॅक अल्जर्ननच्या मावसबहिणीला, ग्वेंडोलेनला, मागणी घालतो. ती तयारच असते, कारण अर्नेस्ट नावाच्या माणसाशीच लग्न करायचं हे तिचं लहानपणापासूनचं ठरलेलं. माणूस कोणताही चालेल, नाव अर्नेस्ट पाहिजे. उखाण्यात घ्यायला सोपं जातं म्हणून नव्हे. त्या नावाने तिला अंगावर शहारे येतात. तिकडे खेड्यावर सेसिलीची तर आणखी मजा. तिने न पाहिलेल्या अर्नेस्टशी डायरीतल्या डायरीत साखरपुडा केला, मोडला, पुन्हा केला. त्याची प्रेमपत्रं तिनेच लिहिली आणि अंगठीही तिनेच आणली. पुढे अल्जर्नन अर्नेस्ट बनून तिच्यासमोर उभा राहतो तेव्हा त्या बिचाऱ्याला कळतं, आपलं सगळं आधीच आटोपलेलं आहे.

पण मुलीला नाव पसंत पडून भागत नाही. आई असते. लेडी ब्रॅकनेल. ही बाई पेन्सील आणि टिपणवही काढून बसते आणि मुलाची तोंडी परीक्षा घेते. हा प्रवेश मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, ही बाई आमच्याच नात्यातली. आमची थोरली आत्या असंच पाहायची. फक्त तिला वही लागत नसे. तिला चार पिढ्यांची स्थळं, त्यांतल्या हुंड्यासकट, तोंडपाठ होती.

प्रश्नांचा क्रम मात्र पाहण्यासारखा. आमच्या आत्याचा पहिला प्रश्न गोत्राचा, दुसरा मूळ गावचा, आणि मुलगा काय करतो हा सातवा-आठवा, तोही चहा संपता संपता. लेडी ब्रॅकनेल आधी विचारते, सिगारेट ओढता का. हो म्हटल्यावर खूश होते, पुरुषाला काहीतरी उद्योग असावा म्हणून. मग वय. एकोणतीस. मग शिक्षण, त्या बाबतीत मुलाची पाटी कोरी आहे हे कळल्यावर तिला फार समाधान वाटतं. तिच्या मते शिक्षणाने खालच्या वर्गाचं काही भलं होवो न होवो, वरच्या वर्गाच्या दाराशी दंगे होण्याची भीती तेवढी असते. सुदैवाने इंग्लंडात शिक्षणाचा परिणामच होत नाही, म्हणून सगळं ठीक चाललंय.

मग पैसा. वर्षाला सात ते आठ हजार पौंड. जमिनीतून येतात की गुंतवणुकीतून, हा तिचा पुढचा प्रश्न. जॅक म्हणतो, गुंतवणुकीतून. जमीन आहे, दीड हजार एकर, पण तिच्यातून खरं उत्पन्न काही नाही. आणि बाई मान डोलावते.

इथे आपण नुसते हसून पुढे जातो. पण साडेदहा शिलिंगवाले इथे जरा अस्वस्थ हसले असणार. शेकडो वर्षं इंग्लंडातला थोर माणूस म्हणजे जमीनवाला माणूस. खंड यायचा, घोडे पोसायचे, पार्लमेंटात बसायचं. १८७० नंतर अमेरिकेतला गहू आगबोटींतून इतका स्वस्त येऊन पडायला लागला की १८९४ साली इंग्लंडात गव्हाचा भाव क्वार्टरला २२ शिलिंग १० पेन्सांवर आला. कुळं खंड देईनात. त्यात त्याच वर्षी सर विल्यम हारकोर्ट ह्या अर्थमंत्र्याने मृताच्या सगळ्या मालमत्तेवर नवा कर बसवला. म्हणजे जमीनदार जिवंत असेपर्यंत जमीन त्याला खाणार आणि मेल्यावर सरकार जमिनीला. लेडी ब्रॅकनेल ह्या कराविषयी एक शालजोडीतला हाणते, आणि हे नाटक त्या करानंतर सहाच महिन्यांनी आलेलं. आपल्याकडे जुन्या वाड्याचा मालक जसा 'वाडा आमचा' म्हणून छाती फुगवतो आणि भाडेकरू दरमहा देतात ते भाडं ऐकल्यावर ती छाती तशीच खाली येते, तशातली ती परिस्थिती. प्रतिष्ठा जमिनीत अडकलेली आणि पैसा शेअरबाजारात गेलेला. ह्या दोघांचं लग्न लावून देणं हाच लेडी ब्रॅकनेलचा खरा व्यवसाय. ती स्वतः लग्नात काही घेऊन आली नव्हती, हे तिनेच सांगून टाकलं आहे.

शहरातलं घर विचारते. बेलग्रेव्ह स्क्वेअर. एरव्ही ह्या पत्त्यावर बाकीच्या मुली उभ्या उभ्या हो म्हणतील. बाई विचारते, नंबर किती? १४९. मग ती मान हलवते. चुकीची बाजू. ह्याला म्हणतात बारकावा.

आणि शेवटी आईबाप. इथे गाडी रुळावरून घसरते, आणि तीही स्टेशनातच. जॅकला आईबाप नाहीत. वारले असं नव्हे, सापडतच नाहीत. तो तान्हा असताना व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामान ठेवायच्या खोलीत एका हँडबॅगमध्ये मिळाला. आपलं बोरीबंदर नव्हे, लंडनचं. ते स्टेशन तेव्हा दोन रेल्वे कंपन्यांचं, भिंतीला भिंत लावून. जॅक बिचारा घाईघाईने सांगतो की आपण ब्रायटनच्या लाइनवर सापडलो, जसं काही ती लाइन म्हणजे त्याचं कुळच. बाईवर परिणाम शून्य. एडिथ इव्हान्स ह्या नटीने १९५२ च्या चित्रपटात ती हँडबॅग ज्या सुरात उच्चारली आहे, तो सूर त्यानंतरच्या प्रत्येक नटीच्या मानगुटीवर बसलेला आहे.

ज्या सद्‌गृहस्थाला ती बॅग मिळाली त्याच्या खिशात वर्दिंग ह्या गावचं पहिल्या वर्गाचं तिकीट होतं, म्हणून मुलाचं आडनाव वर्दिंग. वर्दिंग हे ससेक्सच्या किनाऱ्यावरचं गाव. १८९४ च्या उन्हाळ्यात वाइल्डने तिथेच बसून हे नाटक लिहिलं. इंग्लिश माणसाला ही तिकिटावरून आडनावाची कल्पना फार विनोदी वाटते. आपल्याला तितकी वाटत नाही. आपली निम्मी आडनावं तिकिटावरूनच आलेली आहेत. हा मुलगा दादरला सापडला असता आणि तिकीट कर्जतचं असतं, तर कर्जतकर झाला असता, आणि अर्नेस्टच्या नावावर लंडनमध्ये जी उधारी झाली होती ती पाहता ते आडनाव शोभूनही दिसलं असतं.

बाई जॅकला सल्ला देते की हा मोसम संपायच्या आत, दोघांतला निदान एक तरी पालक पैदा करावा. आणि निघून जाते. तिसऱ्या अंकात तीच बाई सेसिलीला नाकं मुरडत असते. तेवढ्यात जॅक सहज सांगतो की मुलीच्या नावावर सरकारी रोख्यांत एक लाख तीस हजार पौंड आहेत. बाई उठलेली पुन्हा बसते. मुलीला मान वळवायला सांगते. आणि तिला त्या मुलीच्या नाकात, हनुवटीत आणि बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यात समाजात पुढे येण्याचे गुण दिसायला लागतात. त्या वेळच्या रोख्यांवर पावणेतीन टक्के व्याज मिळे. म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांवर पौंड, हनुवटी न हलवता.

आता हसता हसता एका जागी थांबायचं आहे. ती जागा नाटकात एवढीशी आहे. सेसिलीची शिक्षिका मिस प्रिझम तिला अर्थशास्त्राचा धडा वाचायला देते आणि जाताना बजावते, रुपयाच्या घसरणीवरचं प्रकरण मात्र गाळ. तरुण मुलीने वाचावं असं ते नाही, फार सनसनाटी आहे. प्रेक्षक हसतात. रुपया आणि सनसनाटी! ह्याहून कंटाळवाणी गोष्ट जगात दुसरी कोणती?

रुपया आमचा होता हो. १८७० च्या सुमारास एक रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. म्हणजे पौंडाला दहा रुपये. मग जर्मनीने सोन्याचं नाणं धरलं, अमेरिकेत चांदीच्या खाणी उतू जायला लागल्या, आणि चांदी उतरली तशी चांदीचा रुपयाही उतरला. जून १८९३ मध्ये सरकारने मुंबईची आणि कलकत्त्याची टांकसाळ लोकांच्या चांदीला बंद केली. तरीही नाटकाचा पडदा उघडला त्या हिवाळ्यात रुपया तेरा पेन्सांच्या आसपास होता. म्हणजे पौंडाला अठरा रुपयांच्या वर. सेसिलीचे एक लाख तीस हजार पौंड पंचवीस वर्षांपूर्वी तेरा लाख रुपयांचे झाले असते. आता त्याच पौंडांना चोवीस लाख रुपये पडत होते. मुलगी तीच. हनुवटी तीच.

आणि हे पौंड आपल्याला खरोखर मोजावे लागत. लंडनमधलं इंडिया ऑफिस, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, रेल्वेच्या कर्जाचं व्याज, हे सगळं दर वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीतून पौंडांत जायचं. रुपया घसरला की त्याच पौंडासाठी जवळजवळ दुप्पट रुपये. गोऱ्या अधिकाऱ्यांचं घरी पाठवायच्या पैशांत नुकसान होतं म्हणून १८९३ पासून त्यांना भरपाईचा भत्ता मिळू लागला, तोही इथल्याच तिजोरीतून. ती तिजोरी विनिमयाच्या तोट्याने आणि ब्रह्मदेशावरच्या खर्चाने आधीच खंगलेली, म्हणून १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता. म्हणजे लंडनमध्ये पेन्शनीत बसलेल्या कर्नलच्या चहातली साखर आणि इथल्या कुणब्याच्या भाकरीवरचं मीठ एकाच दोरीला बांधलेलं होतं. एक वर गेलं की दुसरं खाली.

तेव्हा मिस प्रिझम जे म्हणाली ते विनोद म्हणून लिहिलेलं असलं तरी शब्दशः खरं होतं. त्या पुस्तकात सनसनाटी प्रकरण तेवढं एकच होतं. आणि ते गाळायला सांगणं ह्यापेक्षा त्या वर्गाच्या शिक्षणाची नेमकी व्याख्या दुसरी कोणती असेल? वाइल्डने हे सगळं मनात धरून तो विनोद केला असं मी म्हणत नाही. त्याला फक्त ठाऊक होतं की समोरच्या खुर्च्यांना रुपया म्हटल्यावर जांभई येते. जांभई येते म्हणूनच हसू येतं.

त्या रात्री त्याच शहरात एक माणूस असा होता की ज्याला हे प्रकरण तोंडपाठ होतं. दादाभाई नौरोजी. ते १८९२ पासून सेंट्रल फिन्सबरीचे खासदार होते. त्यांनाही वरच्या वर्गाने नावं ठेवली होती, आणि ती अगदी बिनविनोदी. १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी ह्यांनी भर सभेत सांगितलं की इंग्लिश मतदार काळ्या माणसाला निवडून देणार नाहीत. मतदारांनी दिलं. अवघ्या पाच मतांनी, पण दिलं. मग लोकांनी 'नौरोजी' ह्या नावाचं 'नॅरो-मेजॉरिटी' करून टाकलं. पाहा, नाव ठेवण्यात इंग्रजही आपल्या पेठांतल्या लोकांपेक्षा मागे नाहीत.

बरं, नाटक पुढे काय होतं? मिस प्रिझमच्या विसराळूपणाचा उलगडा होतो. तिने स्वतःच्या तीन खंडी कादंबरीचं हस्तलिखित बाबागाडीत आणि बाळ हँडबॅगेत ठेवलं होतं. कादंबरीकार स्त्रीच्या हातून हे होऊ शकतं. माझ्या ओळखीचे काही कवी घरी गॅसवर दूध ठेवून कविसंमेलनाला जातात. जॅक हा लेडी ब्रॅकनेलच्या बहिणीचा मुलगा निघतो, अल्जर्ननचा थोरला भाऊ. बाप जनरल मॉनक्रीफ. जरा विक्षिप्त होते, असं बाई सांगते, आणि कारणांत हिंदुस्थानची हवा, लग्न आणि अपचन ही तिन्ही एका दमात मोजते. सैन्याच्या यादीत बापाचं नाव शोधतात. अर्नेस्ट! मुलाला बापाचंच नाव ठेवलेलं. म्हणजे जन्मभर खोटं बोलत असताना हा माणूस खरंच बोलत होता. तेवढ्यावर जॅक होणाऱ्या बायकोची माफी मागायला मोकळा.

आपल्याकडे मात्र नाटक इथेच थांबलं असतं. जॅक जर लेडी ब्रॅकनेलच्या बहिणीचा मुलगा, तर ग्वेंडोलेन त्याची सख्खी मावसबहीण! मामेबहीण असती तर काही घरांत चाललंही असतं. मावसबहीण म्हणजे बहीण. आमच्या आत्याने पडदा पाडून सगळ्यांना घरी पाठवलं असतं. पण लेडी ब्रॅकनेलला त्यात काही वावगं दिसत नाही. हँडबॅगेचा मुलगा चालत नव्हता, बहिणीचा चालतो. रक्त जवळचं असण्याची तिला चिंता नाही. रक्ताचा पत्ता पाहिजे.

मग इतकं सगळं तोंडावर बोलल्यावर ती साडेदहा शिलिंगांची मंडळी चिडली का नाहीत? एक तर त्या वेळी इंग्लंडात प्रत्येक नाटक लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीतून पास होऊन यायचं. हा राणीच्या घरातला अधिकारी. त्या कचेरीने १८९२ मध्ये वाइल्डचंच 'सालोमे' अडवलं होतं, कारण त्यात बायबलातली पात्रं होती. बायबलातल्या माणसांची चेष्टा सोडा, त्यांना नुसतं रंगमंचावर उभं करायची चोरी. लॉर्डांची चेष्टा मात्र बेशक करा. १८८२ मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन ह्यांनी 'आयोलांथी'त लॉर्डांचा सबंध ताफा झगे-मुकुट घालून नाचवला, आणि लोकांनी ते आनंदाने पाहिलं. थट्टा करून घेण्याएवढे आपण मोठे आहोत, हा त्यात एक मान असतो. शिवाय प्रत्येकाला वाटतं, ही ब्रॅकनेलबाई म्हणजे आपल्या शेजारच्या खुर्चीवरची. बरोब्बर उतरवलीय हं!

बर्नार्ड शॉने तेवढं त्या नाटकाचं परीक्षण लिहिताना तोंड वाकडं केलं. त्याचं म्हणणं, हसू आलं, पण आत काही हललं नाही. शॉ आयरिशच. एका आयरिशाने इंग्रजांना हसवलं की दुसऱ्याला वाटतं, ह्यांना इतक्या स्वस्तात का सोडलं.

पण नावं ठेवणारा हा पाहुणा होता, आणि पाहुण्याने यजमानाला कुठवर नावं ठेवायची ह्याला मर्यादा असते. पहिल्या प्रयोगाच्या रात्री क्वीन्सबरीचा मार्क्विस सडक्या भाज्यांचा गुच्छ घेऊन थिएटरवर आला होता. त्याला आत सोडलं नाही. त्याचा मुलगा आणि वाइल्ड ह्यांच्या मैत्रीवर त्याचा डोळा होता. चार दिवसांनी त्याने वाइल्डच्या क्लबात एक चिठ्ठी ठेवली. शिवी एकच शब्दाची, आणि तिचंही स्पेलिंग चुकलेलं. उमरावांच्या शिक्षणाविषयी लेडी ब्रॅकनेल चुकीचं बोलली नव्हती. वाइल्डने अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो ५ एप्रिलला त्याच्याच अंगावर कोसळला आणि त्याच दिवशी वाइल्डला अटक झाली. समलिंगी संबंधांबद्दल २५ मेला दोन वर्षांची सक्तमजुरी.

मराठीत 'नाव काढणं' म्हणजे कीर्ती मिळवणं. सेंट जेम्स थिएटरने वाइल्डचं नाव दुसऱ्या अर्थाने काढलं. नाटक चालू, हशा चालू, तिकीटविक्री चालू. जाहिरातीवरून आणि कार्यक्रमपत्रिकेवरून लेखकाचं नाव तेवढं गेलं. काकडीची सँडविचेस ठेवली, ती कापणारा तेवढा हाकलला. मे महिन्यात, ८६ प्रयोगांनंतर, नाटकही उतरलं.

वाइल्डने आधी हे नाटक चार अंकी लिहिलं होतं. नट-व्यवस्थापक जॉर्ज अलेक्झांडरने ते तीन अंकी करायला लावलं, त्यात एक प्रवेश गळाला. अर्नेस्टच्या नावावर हॉटेलची सातशेहून जास्त पौंडांची उधारी असते, आणि एक वकील त्याला हॉलोवेच्या तुरुंगात न्यायला येतो. फार गमतीचा प्रवेश. अटकेनंतर खटला चालेपर्यंत वाइल्डला ठेवलं ते हॉलोवेतच. नाटकातून गाळलेला प्रवेश लेखकाला स्वतः करावा लागला, आणि समोर हसायला कोणी नव्हतं.

पुढचं सगळं नावाचंच. बायकोने मुलांसह आडनाव बदललं, वाइल्डचं हॉलंड केलं. १८९७ मध्ये तो सुटला आणि फ्रान्सला गेला तो सेबास्टियन मेलमॉथ हे नाव घेऊन. खोट्या नावाने दोन घरचा पाहुणचार झोडणाऱ्या तरुणांवर ज्याने लंडन हसवलं, त्याला हॉटेलच्या रजिस्टरात खोटं नाव लिहावं लागलं. १८९९ मध्ये नाटक पुस्तकरूपाने आलं, तेव्हाही मुखपृष्ठावर नाव नाही; 'लेडी विंडरमियर्स फॅन'चे लेखक, एवढंच. ३० नोव्हेंबर १९०० ला तो पॅरिसमध्ये गेला. वय ४६.

नंतर त्याच समाजाने सगळी नावं एकेक करून परत दिली, सावकाश, व्याज न देता. १४ फेब्रुवारी १९९५ ला, पहिल्या प्रयोगाला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर, वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या कवींच्या कोपऱ्यात खिडकीच्या काचेवर त्याचं नाव आलं. २०२५ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने, १८९५ मध्ये रद्द केलेलं त्याचं वाचनालयाचं कार्ड पुन्हा दिलं. १३० वर्षांनी कार्ड परत देणारी लायब्ररी पाहिली की आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या लेखनिकाविषयी एकदम आदर वाटायला लागतो. सेंट जेम्स थिएटर मात्र राहिलं नाही. ते १९५७ मध्ये पाडायला निघाले तेव्हा व्हिव्हियन ली ही नटी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या गॅलरीत उभी राहून ओरडली, आणि तिला बाहेर काढण्यात आलं. ज्या खुर्च्यांवर लॉर्ड हसले त्या वाचवायला एक नटी लॉर्डांच्या सभेत जाते आणि लॉर्ड तिला घालवून देतात. हा चौथा अंक वाइल्डलाही सुचला नसता.

लॉर्ड मात्र काही कोणाच्या हसण्याने गेले नाहीत. त्यांची जमीन गव्हाने नेली, वाडे करांनी नेले. विनोदाने माणूस बदलतो असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा बघावा. विनोदाने एवढंच होतं, की ती पेन्सील आणि ती टिपणवही पुन्हा कुठे बाहेर आली तर आपल्याला ओळखू येते. परवा एका हौशी मंडळाने हे नाटक केलं, झकास केलं. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत माझ्या पुढे दोन बाई उभ्या होत्या. डोळ्यांतलं हसण्याचं पाणी अजून पुसत होत्या.

"काय नमुना होती हो ती बाई!" पहिली म्हणाली.

"अगदी!" दुसरी म्हणाली. "बरं, त्या पुण्याच्या मुलाचं पुढे काय झालं? पॅकेज किती म्हणालात?"

"पॅकेज चांगलं आहे हो. फ्लॅटही आहे."

"कुठल्या बाजूला?"